हौद मीच रिकामा केला

आमच्या घरी आलेल्या पाहुण्याला चहाबरोबर दोन गोष्टी मिळतात. एक खारी, आणि दुसरी, आमच्या लेकीनं सहा वर्षांची असताना भरलेला हौद रस्त्यावर कसा सोडून दिला ती कथा. खारी एखाद्या दिवशी संपलेली असते. कथा संपत नाही. बायको ती फार रंगवून सांगते. प्राथमिक शिक्षिका आहे, त्यामुळं कुठं थांबायचं, कुठं डोळे मोठे करायचे हे तिला बरोबर कळतं. पाहुणे हसतात. लेकही हसते. मी कपबशा उचलून आत जातो. माझ्या या सवयीचं नातेवाइकांत फार कौतुक आहे.

ती कथा खोटी आहे. हे मी छातीवर हात ठेवून सांगू शकतो, कारण तो हौद मी रिकामा केला होता.

सात वर्षं मी हे कुणालाही बोललो नाही. मुळात मी कमी बोलणारा माणूस. ऑफिसात मला शांत स्वभावाचे म्हणतात. शांत माणूस पुष्कळदा नुसता भ्यालेला असतो, हे त्यांना कुठून ठाऊक असणार.

जालन्यात राहणाऱ्याला पाण्याचं काही सांगायला नको. पण हे बाहेरचं कुणी वाचलं तर त्याला वाटेल, हौदाचं एवढं काय. तर आमच्या गल्लीला नळ दहा-बारा दिवसांनी येतो. कधी पंधरा. आला की दीड तास, तोही बारीक धारेनं. म्हणून प्रत्येक घराच्या अंगणात, जमिनीखाली एक हौद. त्यात पाणी साठवायचं, मोटरीनं गच्चीवरच्या टाकीत चढवायचं आणि पुढचा नळ येईपर्यंत पुरवायचं. आमच्याकडं लोक एकमेकांना जेवलात का असं विचारत नाहीत, तुमच्याकडं नळ येऊन किती दिवस झाले असं विचारतात. लग्नाची तारीख ठरवताना भटजींच्या आधी पाणी सोडणाऱ्या माणसाला विचारणारे लोक मी पाह्यलेत.

नळाच्या दिवशी हौद घासून घेण्याची आमच्या घरची रीत बायकोनं घालून दिलेली. तिची पद्धत पक्की होती. आधी नळाला पाणी आल्याची खात्री करायची. मग हौदात जे उरलंय ते बादल्यांनी काढून ड्रम, पातेली, घंगाळ, जे हाताला लागेल त्यात भरून ठेवायचं. एक थेंब वाया घालवायचा नाही. मग आत उतरून खराट्यानं भिंती घासायच्या, पहिलं गढूळ पाणी झाडांना सोडायचं आणि नंतरचं हौदात घ्यायचं. या सगळ्यात लेकीला एक काम होतं. नळाजवळ बसायचं. पाणी यायच्या आधी नळातून हवा येते, सूं सूं आवाज होतो. तो ऐकला की ती ओरडायची, "मम्मी, नळ बोलून राह्यला!" मग तळहात तोटीखाली धरायची आणि पहिला थेंब पडला की तो हात घेऊन घरभर सगळ्यांना दाखवत फिरायची. चार वर्षांची असल्यापासून हे तिचं काम. बालवाडीत बाईंनी विचारलं होतं, मोठी होऊन तू काय होणार. पोरं डॉक्टर, पोलीस म्हणाली. ही म्हणाली, मी झालेली आहे.

बायकोची शाळा घनसावंगीच्या पुढं. सकाळी जीपनं जायची, यायला साडेसहा वाजायचे. त्या जानेवारीत नळाची पाळी नेमकी गुरुवारी आली, आणि रविवारी आमच्याकडं हळदी-कुंकू. शाळेतल्या, गल्लीतल्या मिळून वीस बायका येणार. बायकोनं त्यासाठी आठ दिवस पाणी वाचवून हौद अर्ध्याच्या वर राखला होता. मी किरकोळ रजा टाकली. जाताना तिनं फ्रिजवर चिठ्ठी लावली, आणि तेवढ्यावर विश्वास नाही म्हणून जीपमधून फोनही केला. नळ आल्याशिवाय हौदाला हात लावू नका. मी हो म्हणालो. हो म्हणणं ही माझी जुनी सवय, ऐकणं वेगळं.

दुपारी लेक शाळेतून आली, जेवली आणि फ्रॉक खोचून नळाजवळ जाऊन बसली. गल्लीच्या ग्रुपवर मेसेज आला होता की आज दोन वाजता नळ. मी हौदात डोकावलो. कमरेएवढं पाणी. ते बादल्यांनी उपसायचं म्हणजे दीडेकशे बादल्या. माझ्या कमरेनं तिथल्या तिथं विचार केला. आणि मला एक कल्पना सुचली. आयुष्यात मला कल्पना फार कमी सुचतात, त्यामुळं सुचली की मी तिच्या प्रेमातच पडतो.

कल्पना अशी की, दोन वाजता नवं ताजं पाणी येणारच आहे, तर हे दहा दिवसांचं शिळं पाणी राखून करायचं काय? मोटर लावून सरळ बाहेर सोडून द्यावं, हौद लख्ख घासून ठेवावा. बायको संध्याकाळी येऊन बघेल तर हौद आरशासारखा. गच्चीवरच्या टाकीतही गुडघाभर पाणी होतं, म्हणजे काळजी नव्हती.

मोटरीचा पाइप गच्चीकडं गेलेला. तो जोडापाशी खोलायला लागणार होता. मी स्टूल घेतला, मोटरीपाशी बसलो आणि पान्ह्यानं नट फिरवायला लागलो. गंजलेला नट. वीस मिनिटं गेली. बोटं सोलली. मग त्या जागी झाडांना पाणी घालायचा हिरवा पाइप बसवला आणि त्याचं टोक फाटकाबाहेर नेलं.

लेक नळापाशी बसून हे बघत होती. ती म्हणाली, "पप्पा, नळ आला न्हाई अजून."

"येतोच आता."

"मम्मी म्हणती, आधी नळ, मंग हौद."

"मम्मी शाळेत गेली. आज पप्पाच मम्मी."

शाळा तपासायला आलेले साहेब हजेरीपटाकडं बघतात तसं तिनं माझ्याकडं बघितलं. मग ती नळाला कान लावून आली आणि परत म्हणाली, "बोलून न्हाई राह्यला तो." एवढं स्पष्ट मला माझ्या साहेबांनीही कधी बजावलेलं नाही. मी काय करावं? मी तिला लाच दिली. म्हटलं, मोटरचं बटन दाबायचं का? बटन उंचावर होतं आणि त्याला हात लावायची तिला सक्त मनाई. तिचे डोळे चमकले. मी तिला कडेवर उचललं, तिनं बटन दाबलं, मोटर घुर्र झाली. मग मी तिला पाइपचं टोक धरायला दिलं.

पाऊण तास ती फाटकात पाइप धरून उभी होती. असं पाणी आमच्या गल्लीनं त्याआधी पाह्यलं नव्हतं. समोर राहणारे निवृत्त गुरुजी बाहेर आले, म्हणाले वाया चाललंय तर मारा इकडं. त्यांनी स्कूटर धुऊन घेतली. मग घराच्या पायऱ्या. मग आत जाऊन दोन पायपुसणी घेऊन आले. लेक त्यांच्या सूचनेप्रमाणं पाइप फिरवत होती आणि मी हौदात उतरून घासत होतो. हौद खरोखर आरशासारखा झाला. वर आलो, मोटरीचा पाइप परत बसवला, हात धुतले आणि नळासमोर बसलो.

दोन वाजले. अडीच वाजले. लेक माझ्या शेजारी मांडी घालून बसली होती. तीन वाजता ग्रुपवर मेसेज आला, मोठी पाइपलाइन कुठंतरी फुटली, नळ आज न्हाई, उद्या. खाली कुणीतरी हात जोडलेलं चित्र टाकलं होतं.

"पप्पा, काय लिहिलं?"

"उद्या येणार म्हणतात."

ती उठली. हौदाच्या झाकणापाशी गेली, वाकून आत बघितलं आणि आत तोंड घालून 'हूऽऽ' केलं. आवाज घुमून वर आला. तिला तो आवडला म्हणून तिनं परत केला. तो हूऽऽ अजून माझ्या कानात आहे.

साडेसहाला बायको आली. फाटकातच थबकली, रस्ता ओला होता. हिरवा पाइप तसाच पडला होता. ती चपला न काढता हौदाकडं गेली, झाकण उचललं, आत बघितलं आणि तशीच वाकून उभी राह्यली. मग तिनं अगदी शांतपणे विचारलं, "हौदातलं पाणी कुठं गेलं?"

आता इथं मला जपून लिहायला पाहिजे. मी खोटं बोललो नाही. निदान सुरुवातीला नाही. मी म्हणालो, "अगं, मी जरा इकडं... आणि ही मदत करून राह्यली होती, तर..." आणि मी थांबलो. बस. मी फक्त वाक्य पूर्ण केलं नाही. ते बायकोनं पूर्ण केलं. आमच्या संसारात माझी बहुतेक वाक्यं तीच पूर्ण करते.

तिनं लेकीकडं वळून विचारलं, "तू मोटर लावली, माय?"

"हो!" लेक उड्या मारत म्हणाली.

"आन् पाइप धरला? रस्त्यावर?"

"हो. गुरुजींची स्कूटर पण धुतली. बराबर धरला मी."

सगळं खरं होतं. एक अक्षर खोटं नव्हतं. ती बिचारी कामाचा हिशेब देत होती. बायकोनं शेवटचा प्रश्न विचारला, "कुणाला विचारून?" लेकीनं माझ्याकडं बघितलं. मी सांगावं म्हणून ती वाट बघत होती, कारण मोठ्यांचं मोठ्यांनी सांगायचं असतं असं आम्हीच तिला शिकवलेलं. आणि मी काय म्हणालो?

मी म्हणालो, "जाऊ दे गं. लहान आहे."

त्या वाक्यानं मी एकदम मोठ्या मनाचा बाप झालो. बायकोनं लेकीला आत पाठवलं आणि मला विचारलं, तुम्ही कुठं होतात. तेव्हा मात्र मी सरळ खोटं बोललो. म्हणालो, भाजी आणायला गेल्तो जरा. भाजी कुठंय हे तिनं विचारलं नाही, कारण तिची नजर मोटरीजवळच्या स्टुलावर गेली होती. "स्टूल लावून चढली बघा," ती म्हणाली. मी मान हलवली. अशा रीतीनं तपास पूर्ण झाला.

मग तिनं लेकीला परत बोलावलं. मारलं नाही, ओरडलीसुद्धा नाही. गुडघ्यावर बसून म्हणाली, "आजपासून तू पाण्याच्या कामात यायचं न्हाई. नळापाशी बिलकुल बसायचं न्हाई. कळलं?" लेक रडेल असं मला वाटलं. ती रडली नाही. तिनं तळहाताकडं बघितलं आणि हात पाठीमागं नेला.

मला त्याच रात्री सांगता आलं असतं. ठरवलंही होतं. पण बायको इतकी दमलेली, मग म्हटलं उद्या. नळानंही तेच म्हटलं होतं, उद्या. तो आला नवव्या दिवशी. माझं उद्या यायला सात वर्षं लागली.

ते नऊ दिवस कसे काढले ते विचारू नका. गच्चीवरचं पाणी तिसऱ्या दिवशी संपलं. पिण्याला जार. आंघोळ एका तांब्यात कशी करायची यावर माझी स्वतःची पद्धत तयार झाली, ती मी ऑफिसात दोघांना शिकवली. गुरुजींनी, स्कूटर धुतल्याला जागून, रोज एक हंडा दिला आणि प्रत्येक हंड्याबरोबर माझ्याकडं असं काही बघितलं की मला हंडा दुप्पट जड लागायचा. त्यांनी तोंड मात्र उघडलं नाही. एक तर स्कूटर त्यांचीच धुतली गेली होती, आणि दुसरं म्हणजे त्यांचीही बायको होती, त्यांना सगळं समजत होतं.

हळदी-कुंकू झालंच. वीस बायका आल्या. चहा कागदी कपात, पाणी जारचं, हात धुवायला एक लोटा सगळ्यांत मिळून. आणि वाण म्हणून बायकोनं महिनाभर आधी आणून ठेवलेल्या प्लॅस्टिकच्या बादल्या वाटायच्या होत्या. ज्या घरात थेंब नाही त्या घरातून बायका नवीकोरी बादली घेऊन निघाल्या. एकीनं विचारलं, हे काय हो, अशानं आमच्याकडंच मागायला याल. तेव्हा हसत हसत बायकोनं ती कथा पहिल्यांदा सांगितली. वीसच्या वीस बायका हसल्या. लेक नवा परकर-पोलका घालून दारात उभी होती. हळद-कुंकवाचं ताट धरायला तिनं हात पुढं केला, तेव्हा कुणीतरी म्हणालं, "अगं बाई, ताटही रिकामं करशील." परत हसू. तिनं हात मागं घेतला आणि तीही हसली. मी आतून, पडद्याआडून हे बघत होतो.

त्यानंतर कुणी तिच्यावर रागावलं नाही. हीच तर पंचाईत झाली. राग आला असता तर गेलाही असता, पण गंमत घरात राहायला आली. कणीक मळू का म्हणाली की, नको बाई, हौद होईल. कपडे वाळत घालू का, नको बाई, रस्त्यावर सोडशील. दोन वर्षं ती विचारत राह्यली. मग विचारायची थांबली. दहाव्या वर्षी ती स्वतःच म्हणायला लागली, मी केलं की बिघडतं. हे ती वाईट वाटून म्हणायची नाही. माझे केस कुरळे आहेत, मला गणित आवडतं, आणि मी केलं की बिघडतं. असं.

मुलीच्या जातीला घरकाम आलंच पाहिजे असं माझं म्हणणं नाही. घरात कामं मीही करतो. खरं तर त्या दिवसापासून फारच करायला लागलो. तिचं ताट मी उचलायचो, तिचा डबा मी धुवायचो, तिच्या दप्तरातला सांडलेला शेंगदाण्याचा कूट मी झटकायचो. बायको म्हणायची, लाडावून ठेवली तुम्ही तिला, तेरा वर्षांची घोडी झाली, गॅस पेटवता येत न्हाई. बायकोला ते लाड वाटायचे. मी हप्ते भरत होतो, आणि मुद्दल जागचं हलत नव्हतं.

मागच्या चतुर्थीला माझा मेव्हणा आणि त्याची बायको टेंभुर्णीहून राजूरला गणपतीच्या दर्शनाला आले होते, तिथून खरेदीला जालन्यात आणि जेवायला आमच्याकडं. उपासाची साबुदाणा खिचडी खाता खाता बायकोनं कथा काढली. मेव्हण्यानं ती पंधरा वेळा ऐकलेली. तरी तो ज्या त्या जागी हसला. शेवटी मेव्हण्याची बायको लेकीला म्हणाली, जा गं, तेवढी काकडी किसून आण, बघू तरी. लेक जागेवरून हललीही नाही. हसून म्हणाली, "नको मामी. मला कामातलं जमत न्हाई. लहानपणापासूनच न्हाई जमत."

आणि का कोण जाणे, माझ्या हातातला घास तिथंच राह्यला. मी म्हणालो, "हौद तिनं नव्हता सोडला. मी सोडला."

मला वाटलं, झालं एकदाचं. आता जे व्हायचं ते होऊ दे.

मेव्हण्याची बायको नवऱ्याकडं वळली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "बघा," ती म्हणाली, "बाप असावा तर असा. लेकीला बोललेलं सहन न्हाई झालं, तर सगळं स्वतःच्या अंगावर घेऊन राह्यले दाजी. तुम्ही घेतलं का कधी कुणाचं?"

मेव्हणा ओशाळला. मी म्हणालो, अहो खरंच मी सोडला. तो माझ्या खांद्यावर थोपटत म्हणाला, "कळलं हो दाजी." मी म्हणालो, भाजीला गेलोच नव्हतो. तर बायको कौतुकानं हसली आणि माझ्या ताटात आणखी खिचडी वाढली. मी जेवढा पोटतिडकीनं बोलत होतो तेवढा थोर होत चाललो होतो. कबुली देताना एवढा मान मिळेल असं माहीत असतं तर कदाचित आधीच दिली असती.

सगळ्यांत वाईट म्हणजे लेकही मानायला तयार नव्हती. ती म्हणाली, "पप्पा, काहीही काय. मला आठवतं ना. बटन मी दाबलं. गार होतं ते. आन् पाइप इतका हलून राह्यला होता की दोन्ही हातांनी धरला."

"दाबलंस, पण मी उचलून धरलं होतं तुला."

"न्हाई, स्टूल होता."

तिला स्टूल आठवत होता. सात वर्षं ऐकून ऐकून तिनं तो स्वतःच्या पायाखाली ओढून घेतला होता. माझा अपराध तिनं इतका नीट सांभाळला होता की मलाच तो परत मिळेना.

पाहुणे गेले. दुपार कलली होती. बायको भांडी आवरून आली आणि मी अंगणात मोटरीपाशी उभा होतो. तिला वाटलं मी मनाला लावून घेतलं. म्हणाली, चला आत. मी म्हणालो, एक काम कर, हा नट बघ. हा खोलल्याशिवाय पाणी बाहेर सोडता येत नाही, ते सरळ गच्चीवर जातं. ती बघत राह्यली. मागच्या महिन्यात मोटर बदलायला प्लंबर आला होता, तेव्हा हा नट सुटता सुटेना म्हणून त्यानं तिच्याकडून खोबरेल तेल मागून घेतलं होतं. ते तिला आठवलं असावं. ती हळू आवाजात म्हणाली, "सहा वर्षांच्या लेकराला हा नट कसा खोलता आला?"

"न्हाई आला."

"मंग?"

"मी खोलला. पान्ह्यानं. स्टुलावर बसून."

माझी वाक्यं पूर्ण करणाऱ्या माझ्या बायकोनं हे मात्र पूर्ण केलं नाही. तेव्हा उरलेलं मीच पूर्ण केलं. लेक मागं पायरीवर येऊन उभी आहे हे मला दिसत होतं. मी तिच्यासाठीच मोठ्यानं बोललो. ग्रुपवरचा मेसेज, बादल्यांचा कंटाळा, उचलून घेऊन दाबायला दिलेलं बटन. आणि शेवटी, जे कुणालाच माहीत नव्हतं, गुरुजींनाही नाही, तेही. तिनं मला अडवलं होतं. दोनदा.

"काय म्हणलं होतं मी?" लेकीनं विचारलं.

"आधी नळ, मंग हौद."

"आन् तुम्ही ऐकलं न्हाई."

"न्हाई ऐकलं."

ती एक पायरी खाली उतरली. मग तिनं विचारलं, "म्हणजे मला जमत होतं?"

बायको म्हणाली, "तुलाच जमत होतं, माय. या घरात त्या दिवशी तुलाच जमत होतं." लेक वळून आत गेली. दार आपटलं नाही. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं.

बायको पायरीवर बसली. मला वाटलं आता माझी खैर नाही, पण ती स्वतःशीच बोलत होती. "वीस बायांना सांगितलं हो मी. मंग त्यांनी किती जणींना. शाळेत सांगितलं. गॅदरिंगला सांगितलं." मग तिनं माझ्या हातात फोन दिला. म्हणाली, लावा. मी मेव्हण्याला लावला. ते जीपमध्ये होते. मी पहिल्यापासून सगळं सांगितलं, नटासकट. मग मेव्हणा म्हणाला, "दाजी, पोचलो की बोलू. पण तुमचं काळीज लई मोठं हाय." बायकोनं फोन काढून घेतला आणि भावाला जे सांगितलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. ते मात्र त्याला ताबडतोब पटलं.

चार दिवस लेक माझ्याशी बोलली नाही. ताट उचलायला हात पुढं केला तर ताट स्वतःकडं ओढून घ्यायची. पण नेऊन धुवायची नाही, नुसती धरून बसायची. पाचव्या दिवशी, रविवारी, नळाची पाळी. बायकोनं जिन्याखालून एकदाच आवाज दिला, "नळ येऊन राह्यला गं." वरून उत्तर नाही. तिनं परत हाक मारली नाही. मीही नाही. कुठल्या तोंडानं मारणार. नळाला पाणी आल्याची खात्री करून मी मुकाट्यानं बादल्या उपसायला लागलो. एकशेतीस-चाळीस झाल्या असतील. हौदाचा तळ दिसायला लागला आणि मी पँट वर दुमडून आत उतरणार, तोच मागून आवाज आला, "सरका."

ट्रॅकपँट गुडघ्यापर्यंत ओढलेली, केस वर बांधलेले. माझ्याकडं न बघता तिनं खराटा घेतला आणि शिडीवरून आत उतरली. आपल्या हौदाची भिंत कशी असते हे तिला बहुधा पहिल्यांदाच दिसत होतं. ती तळापासून घासायला लागली.

बायको वरून वाकून बघत होती. तिला राहवेना. "खालून कोण घासतं? वरची घाण परत खाली येती."

"मग परत घासीन."

"पाणी चाललंय ना पण तिकडं वाया."

"वाया कुठं, झाडाला चाललंय. मम्मी, वर उभं राहून सांगणं सोपंय."

बायकोनं तोंड उघडलं. पुढचं वाक्य कोणतं येणार हे आम्हा तिघांनाही माहीत होतं. सात वर्षं ते घरात असंच तयार असायचं. लेक खराटा थांबवून वर बघत होती. बायकोनं तोंड मिटलं. गिळलेलं वाक्य तिच्या गळ्यातून खाली जाताना मला दिसलं. मग ती म्हणाली, "तो कोपरा राह्यला. डाव्या हाताचा."

"दिसतोय मला."

"दिसतोय तर घास."

"घासून राह्यले ना!"

दोघी चांगल्याच जुंपल्या. शेवाळ कशानं निघतं, ब्लीचिंग किती टाकायचं, आधी टाकायचं की नंतर. लेकीला यातलं काही माहीत नव्हतं आणि ती प्रत्येक मुद्द्यावर ठाम होती. गुरुजी आपला पाइप सोडून फाटकापाशी येऊन उभे राह्यले. मी झाडाला लावलेला नळाचा पाइप उचलून हौदाच्या काठावर आलो. धार कुठं मारायची हे मी विचारलं, तर एकीनं उजवा कोपरा दाखवला, दुसरीनं डावा. मी मधोमध मारली. दोघी एकदम माझ्यावर ओरडल्या.